अंगठा सुजलाय, पण बघायची आहे ती किडनी

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. माझा मुलगा दहावीला आहे, वय १५. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ४६ किलो, म्हणजे किडकिडाच. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री तीन वाजता ओरडतच उठला. उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. चादर लागली तरी सहन होईना, रडून राहिला होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून दुखण्याची गोळी दिली, पाच-सहा दिवसांत उतरलं. आता परत तेच, त्याच अंगठ्याला. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड ८.६ निघालं, बाकी सगळं नॉर्मल, क्रिएटिनिन १.२. गाऊट आहे, पथ्य पाळा म्हणाले. तेव्हापासून तूरडाळ, पालक, टोमॅटो, दही, मटण सगळं बंद केलं. या वेळी दुखायच्या आदल्या दिवशी तो मित्रांबरोबर सावजी खाऊन आला होता, त्यावरून घरात रोज बोलणी खातो. सासूबाई म्हणतात, म्हाताऱ्यांचा वात पोराला काहून होईल, तुझंच काहीतरी चुकलं. दुखलं की मी दुकानातून गोळी आणते. पुड्या देणाऱ्या एका माणसाचं नावही कोणी सुचवलं आहे. इतक्या लहान मुलाला खरंच गाऊट होतो का? पुढे काय करू?

ता. क. सासरे पन्नाशीत किडनीने गेले. नणंदेला पस्तिशीपासून पाय सुजायचा त्रास होता, आता तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. ह्यांचंही पाऊल कधी कधी धरतं, गोळी घेऊन कामावर जातात. पण त्याचा याच्याशी संबंध नसावा.

– एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर

ताई, ताज्या कलमात लिहिलेलं मी सगळ्यात आधी घेते, कारण तुमच्या अख्ख्या पत्रात त्याहून महत्त्वाचं काही नाही. आजोबा किडनीने गेले, आत्याचं डायलिसिस चालू आहे, वडिलांचं पाऊल धरतं आणि आता नातवाचा अंगठा. या चार गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या समजत आहात. मला त्या एकाच धाग्यात ओवलेल्या दिसतात. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करतही नाही. पण हा धागा तपासल्याशिवाय डाळ बंद करण्यात आणखी एक महिना घालवू नका.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: होय, मुलांना गाऊट होऊ शकतो, पण फार क्वचित. आपल्या शरीरातल्या पेशी झिजतात, नव्या बनतात, त्यातून प्युरीन नावाचं द्रव्य मोकळं होतं आणि शेवटी त्याचं युरिक ॲसिड होतं. त्यातलं बरंचसं किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. लहान मुलांची किडनी हे काम मोकळ्या हाताने करते, म्हणून त्यांच्या रक्तात युरिक ॲसिड मोठ्यांपेक्षा कमी असतं. मुलगा वयात येऊ लागला की ते वाढतं आणि पुरुषांच्या पातळीला, म्हणजे साधारण ७ पर्यंत जातं. रक्तात ते ६.८ च्या वर गेलं की विरघळून राहू शकत नाही. त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. साचायलाही सहसा वर्षं लागतात. म्हणून गाऊट म्हटलं की चाळिशी-पन्नाशीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. सासूबाईंचं म्हणणं त्या अर्थाने खोटं नाही. पंधराव्या वर्षी हे होत असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतं, आणि ते शोधावंच लागतं.

कारणं दोन वाटांनी येतात. एकतर शरीर युरिक ॲसिड जास्त बनवतं, नाहीतर किडनी ते पुरेसं बाहेर टाकत नाही.

जास्त बनण्याचे काही जन्मजात आजार आहेत. त्यातला लेश-नायहन हा आजार १९६४ साली वर्णन केला गेला. यात एक एन्झाइम जवळजवळ नसतंच. या मुलांच्या लंगोटात नारिंगी वाळूसारखे कण दिसतात, वाढ मागे पडते, हातापायांवर ताबा राहत नाही आणि ती स्वतःचेच ओठ, बोटं चावतात. (जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत असे कण दिसले तर बहुतेक वेळा ते साधं असतं, बाळाला दूध नीट मिळतं आहे ना एवढं बघावं.) तुमच्या मुलाला तो आजार नाही, हे सांगायला तपासणी लागत नाही. पण तेच एन्झाइम काही मुलांत थोडंफार काम करत असतं. अशा मुलांची बुद्धी, चालणं ठीक असतं आणि तरुणपणीच मुतखडा किंवा गाऊट होतो. ग्लायकोजेन साठण्याचा एक आजार आहे, त्यात यकृत मोठं होतं, उपाशी राहिलं की साखर उतरते आणि युरिक ॲसिड चढतं. रक्ताच्या कॅन्सरमध्येही पेशी भराभर मोडतात म्हणून ते चढू शकतं, आणि तिथेही मूल हाडं दुखतात म्हणून येऊ शकतं. त्यामुळे मुलाचा पूर्ण रक्तगणनेचा रिपोर्ट, काचपट्टीवर पेशी पाहून दिलेला, हवाच.

आपण विदर्भात राहतो, म्हणून आणखी एक तपासणी सांगते: सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा वारशाने येणारा आजार. इकडे हाडं-सांधे दुखतात म्हणून आलेल्या मुलाची सिकलसेल झाली आहे का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. सोल्युबिलिटी टेस्ट साधी आहे, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी, करतात. सिकलसेलच्या दुखण्याला गाऊट समजलं गेलं तर मुलाचं नुकसान होतं. शिवाय सिकलसेलमध्ये किडनीवर परिणाम होऊन युरिक ॲसिडही वाढू शकतं. तुमच्याकडे हे नसेलही, पण एकदा कागदावर येऊ द्या.

आता दुसरी वाट, किडनीची.

रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ आहे आणि त्यासमोर ठळक अक्षर नाही, म्हणून सगळ्यांनी ते नॉर्मल धरलं. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा बहुतेक वेळा मोठ्या माणसांची असते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. पिळदार शरीराच्या तीस वर्षांच्या माणसाला १.२ चालेल, ४६ किलोच्या मुलाला ते जास्त आहे. किडनी किती काम करते ते काढायला मुलांसाठी एक साधं सूत्र वापरतात: ०.४१३ ला सेंटिमीटरमधल्या उंचीने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. तुमच्या मुलाचं उत्तर येतं ५६ च्या आसपास. ते ९० च्या वर असायला हवं. एका रिपोर्टवरून शिक्का मारायचा नसतो. त्या दिवशी पाणी कमी प्यायला असेल किंवा आधी घेतलेल्या गोळ्यांनी आकडा चढला असेल. पण हा आकडा सोडून देण्यासारखाही नाही.

हे इतक्या आग्रहाने सांगते कारण माझ्याकडून ही चूक झालेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अशाच बारीक मुलाचा रिपोर्ट मी छापील मर्यादा बघून बाजूला ठेवला होता. त्याच्या गाऊटचं मात्र औषध दिलं, पथ्य दिलं. काही वर्षांनी तो परत आला तेव्हा चेहरा सुजलेला होता आणि किडनीचं बरंचसं काम गेलेलं होतं. त्याच्याही घरात कोणीतरी किडनीने गेलं होतं. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही तर न विचारता लिहिलंत.

किडनीत युरोमोड्युलिन नावाचं एक प्रथिन तयार होतं. काही कुटुंबांत त्याच्या जनुकात, यूएमओडीमध्ये, बिघाड असतो. हा बिघाड या आजाराच्या मुळाशी आहे हे २००२ साली समजलं. प्रथिनाची घडी चुकते, ते बाहेर न पडता पेशीतच अडकून राहतं आणि ती पेशी हळूहळू थकते. त्याच वेळी किडनी युरिक ॲसिड बाहेर टाकायचं सोडून परत रक्तात ओढू लागते. म्हणून या घरांत गाऊट मुलांना आणि तरुणांना होतो, आणि त्यामागोमाग, किती तरी वर्षांनी, किडनी दमते. लघवीत प्रथिनं किंवा रक्त फारसं जात नाही, रक्तदाबही बराच काळ ठीक राहतो, सोनोग्राफी सुरुवातीला बहुधा साधीच येते. त्यामुळे हा आजार लक्षातच येत नाही. काही मुलांमध्ये लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद कमी असते, ती मोठी झाली तरी अंथरूण ओलं करतात किंवा रात्री दोनदा-तीनदा उठतात. तुमच्या मुलाचं तसं होतं का, आठवून बघा.

माझं लक्ष सगळ्यात जास्त तुमच्या नणंदेकडे गेलं. पाळी चालू असलेल्या बाईला गाऊट सहसा होत नाही, कारण इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे युरिक ॲसिड लघवीतून चांगलं बाहेर जातं. पस्तिशीत बाईचे पाय असे सुजत असतील आणि पुढे डायलिसिस लागलं असेल, तर तो मोठा इशारा आहे. डायलिसिसच्या रुग्णाच्या पायावर नुसतीही सूज येते, म्हणून त्यांना नेमकं विचारा: एकच सांधा लाल होऊन रात्री अचानक ठणकायचा, की दोन्ही पाय सावकाश सुजायचे?

युरोमोड्युलिनचा हा आजार आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे तुमच्या सासरच्या घरात हाच असेल तर तो मुलापर्यंत त्याच्या वडिलांमार्फत आला आहे. त्यांचं पाऊल धरतं असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्यांचं क्रिएटिनिन आणि युरिक ॲसिड मुलाच्या आधी तपासा. तपासणी मुलाची नाही, अख्ख्या घराची आहे असं ठरलं की मुलाच्या मनावरचं ओझंही उतरतं.

दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आजपासून बंद, दोघांचीही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्या जातीची सगळी औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट तरुणाला चार दिवस दिली तर निभतं. किडनीचं काम आधीच कमी असेल, त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, घामाने अंग सुकलेलं, आणि वर ही गोळी, तर एका आठवड्यात होत्याचं नव्हतं होऊ शकतं. ॲस्पिरिनही मुलांना देऊ नका. तपासण्या होईपर्यंत दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, पाय उशीवर, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, आणि डॉक्टरांकडे. ते कमी मात्रेत कोल्चिसिन किंवा थोडे दिवस स्टेरॉइड देऊ शकतात. दोन्ही आपल्या मनाने घ्यायची औषधं नव्हेत. आणि ताप येऊन एकच सांधा सुजला, पाय टेकवेना, तर गाऊट आहेच म्हणून घरी थांबू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुड्यांबद्दलही स्पष्टच सांगते. आयुर्वेदात या दुखण्याचं वातरक्त या नावाने जुनं वर्णन आहे, आणि रीतसर शिकलेल्या वैद्यांशी माझं भांडण नाही. पण वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही, अशा पुडीत स्टेरॉइड किंवा दुखण्याचं औषध मिसळलेलं असू शकतं, शिसं-पारा असू शकतो. तुमच्या मुलाच्या किडनीवर असा प्रयोग करू नका.

दाखवायचं कुठे? आपल्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्ये किडनीचा विभाग आहे, मिहानला एम्स आहे. किडनीच्या डॉक्टरांकडेच जा, शक्य असेल तर मुलांच्या. दुखणं उतरून दोन ते चार आठवडे झाल्यावर युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन परत करा. त्याच वेळी लघवीचा नमुना देऊन त्यातलंही युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन मोजायला सांगा. चार आकड्यांवरून किडनी किती टक्के युरिक ॲसिड बाहेर टाकते ते काढता येतं. युरोमोड्युलिनच्या आजारात ते बहुधा ५ टक्क्यांच्या खाली असतं. महागडी तपासणी नाही, पण मागितल्याशिवाय सहसा होत नाही. पुढचा ॲटॅक आलाच तर सांध्यातलं थेंबभर पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्फटिक दिसले की गाऊटबद्दल शंका उरत नाही. जनुकाची तपासणी शेवटी, तीही आधी नीट समजावून घेऊन. ती नणंदेची आधी केली तर सोपं जातं: बिघाड नेमका कुठे ते कळलं की बाकीच्यांमध्ये तेवढंच शोधायचं. यूएमओडी ठीक निघालं तरी प्रकरण संपत नाही, असाच आजार आणणारी दुसरी जनुकंही आहेत.

समजा, आजार हाच निघाला. मग? घाबरून जाण्याआधी हे ऐका. किडनी एका वर्षात जात नाही. डायलिसिसची वेळ आली तर ती बहुतेकांना तिशी ते साठीच्या दरम्यान येते, काहींना त्याच्याही पुढे. रक्तदाब सांभाळला, दुखण्याच्या गोळ्या टाळल्या, दर काही महिन्यांनी आकडे बघितले तर मधली वर्षं चांगली जातात. किडनी बदलावी लागलीच तर नव्या किडनीत हा आजार परत येत नाही. मात्र घरातल्या कोणी किडनी द्यायची तर त्यांची तपासणी आधी व्हायला हवी. नणंदेला किडनी द्यायचा विचार घरात चालू असेल, आणि देणारे तुमचे यजमान असतील, तर ते आत्ताच थांबवा.

गाऊटचं औषध बहुधा ॲलोप्युरिनॉल असेल. ते युरिक ॲसिड बनणंच कमी करतं. ज्यांच्या कामातून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ साली नोबेल मिळालं. किडनीचं काम कमी असेल तर अगदी थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत ॲटॅक उलट वाढल्यासारखे वाटतात, कारण साचलेले स्फटिक सुटू लागतात. तेव्हा लोक औषध टाकतात. तुम्ही टाकू नका. पण अंगावर पुरळ आलं किंवा तोंड आलं, मग ताप असो वा नसो, तर गोळी तिथेच थांबवून लगेच दाखवा, हे औषधाच्या गंभीर दुष्परिणामाचं लक्षण असू शकतं.

आता जेवण. पोराचं ताट परत भरा. कडक पथ्य पाळूनही युरिक ॲसिड साधारण एका अंकाने उतरतं. म्हणजे ८.६ चं ७.६, अजूनही स्फटिक होण्याच्या पातळीच्या वरच. आणि त्यासाठी वाढत्या वयाच्या, आधीच बारीक मुलाची डाळ, दही, भाजी काढून घ्यायची? तूरडाळ, पालक यांनी गाऊटचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसत नाही. दही-ताक तर चांगलंच. प्रथिनं किती द्यायची ते किडनीचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ आकडे बघून सांगतील, तोवर नेहमीचं वरण-भात-भाजी-पोळी द्या. कमी करायचं ते कलेजी, गुर्दे, भेजा आणि मटणाचा मोठा बेत. त्याने आधीच भरलेला हंडा सांडतो, म्हणून ॲटॅक येऊ शकतो. हंडा भरला तो मात्र सावजीने नाही. हे घरात सगळ्यांसमोर बोला, मुलाच्या देखत. महिनाभर तो स्वतःला गुन्हेगार समजतो आहे.

त्यापेक्षा बंद करण्यासारखं आहे ते बाटलीतलं गोड थंड पेय. त्यातल्या साखरेतल्या फ्रुक्टोजपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं. फळांच्या रसालाही हेच लागू. आपल्या नागपुरात हे लिहिणं जिवावर येतं, पण संत्र्याचा रस पेलाभरून रोज नको. संत्रं सोलून, फोडी करून खाऊ द्या, एक-दोन खुशाल. पाणी दिवसभर, शाळेच्या बाटलीतून, शिकवणीतही.

तुमचा मुलगा लठ्ठ असता तर मी याच पत्राला थोडं वेगळं उत्तर दिलं असतं. हल्ली वीस-बावीसच्या मुलांना गाऊट होतो तेव्हा वाढलेलं वजन, थंड पेयं, बीअर आणि घरातला वारसा असं मिळून कारण असतं, आणि तिथे वजन उतरवणं हेच मोठं औषध ठरतं. टीबीची औषधं चालू असतील तर पायराझिनामाइडनेही युरिक ॲसिड चढतं. ते डॉक्टरांना सांगायचं, टीबीचं औषध आपण होऊन थांबवायचं नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी तिकडे फार जात नाही.

दहावीचं वर्ष आहे. परीक्षेच्या दिवसांत ॲटॅक आला तर तळमजल्यावर बसायची सोय मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र आधीच शाळेत देऊन ठेवा. फुटबॉल सोडायला सांगू नका, दुखत नसेल तेव्हा खेळू द्या, खेळून आल्यावर पाणी पाजा.

आणि आज संध्याकाळी नणंदेला फोन लावा. त्यांना विचारा, पहिल्यांदा पाय कुठे आणि कोणत्या वयात सुजला, डायलिसिस सुरू होण्याआधी किडनी कशाने गेली असं सांगितलं होतं. त्यांच्या फाइलच्या झेरॉक्स मागून घ्या. सासऱ्यांचे जुने कागद सासूबाईंच्या पेटीत असतील, त्यांनाच शोधायला सांगा, नातवासाठी त्या नक्की शोधतील. एका कागदावर घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, कोणाला पायाचा त्रास, कोणाला किडनीचा, असं लिहा. किडनीच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर मुलाच्या रिपोर्टच्या आधी तो कागद पुढे करा.